हाऊच एक से

नंदुरबारला पथारीवर मिरची वाळत असते
तेव्हा गावातला एकही पंखा सुटत नाही.
बाजार समितीच्या मागच्या खोलीत,
जिथं पूर्वी फाटकी बारदानं असायची,
तिथं आता सर्व्हर आहे
आणि तोही, मला वाटतं, शिंकतो.

रात्री साडेअकराला बागुलसाहेबांचा फोन.
काटा चालू, पावती बंद.
दुपारी खोलीला रंग दिला म्हणे,
पोरांनी सगळं काढून परत नीट लावलं,
आकडे बघून.
उद्या दहाला लिलाव. बघ बुवा.

मफलर बांधला. गाडी तिसऱ्या किकला लागली.

सर्व्हर ओढून पुढं घेतला, झाकण काढलं.
मागच्या काठाला दोन दारं शेजारी शेजारी,
बोर्डालाच डाख दिलेली.
स्लॉटमधलं कार्ड उपरं असतं,
बिघडलं की दोन बोटांनी उपटावं,
सुरतेहून दुसरं मागवावं.
ही तशी नव्हेत.
ही बोर्डासोबतच भट्टीतून निघालीत,
गेली तर बोर्डाला घेऊन जातील.
जरा लांब एक तिसरं आहे,
सर्व्हर बंद केला तरी जागं,
मंगल कार्यालयाच्या वॉचमनसारखं,
लग्न नसलं तरी खुर्चीत.

पत्र्यावर जिथं एक कोरलाय, तिथं केबल होती.
काढली, परत लावली. खट्.
दिवा नाही.
स्क्रीन म्हणते, एक नंबर मेला.
दुसरी केबल. तेच.
मागच्या आठवड्यातली अवकाळी आठवली, तो कडकडाट,
आणि मनात हिशोब सुरू झाला:
नवा बोर्ड, आठ दिवस, शिव्या.

मग टॉर्च थोडा खाली घसरला.
दोन दारांच्या मधे, लाल भुकटीखाली,
जखमेला लावतात त्या चिकटपट्टीचा तुकडा,
बॉलपेननं उजवीकडं बाण, आणि

हाऊ दोन नही. हाऊच एक से.
उखर्डू

उखर्डू बोरसे. माझ्याआधी चार वर्षं इथं होता.
आधीची दोन भावंडं राहिली नाहीत
म्हणून याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवला,
सुपात घालून परत आणला,
नावही तिथलंच दिलं,
यमानं नाक मुरडून पुढं जावं म्हणून.
कंपनीच्या ओळखपत्रावर तो उमेश होता.
सुरतेला गेला तोही उमेशच.

प्रत्येक दाराला एक पत्ता असतो, बारा अक्षरी,
कारखान्यात चिपमध्ये पक्का केलेला.
वरून दुसरा चढवता येतो,
सगळे मग त्याच नावानं हाक मारतात,
काही अडत नाही.
वीज काढून परत जोडली
की दार आपलं पहिलं नाव सांगतं.

त्या रात्री इथं तो एकटाच असणार.
साहेब नाही, गिऱ्हाईक नाही.
पट्टी दातानं तोडली असेल.

केबल उजवीकडच्या दारात. खट्.
हिरवा.
मग नारिंगी, धावत सुटल्यासारखा.
प्रिंटर खाकरला
आणि अडकलेल्या पावत्या निघायला लागल्या,
शहादा, तळोदा, परत शहादा,
कोणाच्या तरी सव्वीस गोणी,
कोणाच्या तरी फक्त दोन.

साहेबांना कळवलं.
काय झालं होतं, म्हणाले.
म्हटलं, नावात घोळ होता.

बारा चाळीस. एवढ्या रात्री फोन कसा करायचा.
मोबाईलमध्ये उमेश बोरसे काढला, लिहिलं,
तुनी पट्टी सापडनी.
दोन बरोबरच्या खुणा. निळ्या.
कोनती?
मी लिहिलं, उखर्डूनी.

वर दिसतंय, लिहितोय.
थांबला.
परत लिहितोय.

मी शिंकले.
सर्व्हरचा पंखा जोरात फिरला, मग हळू.
भिंतीच्या ओल्या रंगाला
माझी कोपरं लागलेली होती.